जपान यवतमाळला येणार म्हणून

आमच्या फिल्म मंडळाने एकूण सिनेमे किती दाखवले, ते विचारू नका. चार वर्षांत नऊ, आणि त्यातले दोन अर्धेच! पण किस्से म्हणाल तर एक सांगायला घ्यावा, तेवढ्यात दुसरा आठवतो, आणि तिसऱ्याला हसू आवरत नाही म्हणून पहिला राहूनच जातो. मध्यंतरी मी ते लिहून ठेवायचं ठरवलं होतं. पण मीटिंगमध्ये वही उघडली की अध्यक्षांना वाटायचं, मी त्यांचं भाषण उतरवून घेतेय. मग ते आणखी अर्धा तास बोलायचे. शेवटी वही बंद केली.

अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टर. दातांचे. पेशंटच्या तोंडात मशीन घालून ते त्याच्याशी जागतिक सिनेमावर बोलत. पेशंटला मतभेद व्यक्त करायची सोय नसायची. मंडळाच्या सभासदांनीही तसंच बसावं, अशी त्यांची अपेक्षा. सचिव प्राध्यापक बोंद्रे, इंग्रजीचे. आणि तिसरा बबनभाऊ. मंडप, माईक, पडदा, गाडी, सगळं त्याचं. त्यामुळे मंडळ खरं तर त्याचंच, फक्त लेटरहेडवर त्याचं नाव नव्हतं.

मी ज्योती. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचा आहे म्हटलं की बाहेरगावचा माणूस आवाज खाली आणायचा. लॉजमध्ये पत्रकार, रेस्ट हाउसवर समित्या, आणि रोज एखादी जीप कॅमेरे घेऊन मारेगावच्या रस्त्याला धावत सुटलेली. डॉक्टरांना याचा भारी राग. कापसाचं काय झालं याचा नाही, हे पेपरात आलं याचा! "आपल्या जिल्ह्याची इमेज गेली," ते म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी ती इमेज परत आणायचं मनावर घेतलं. कशाने? तर जपानी सिनेमांनी!

*

महोत्सवासाठी स्वयंसेवक हवेत, असं पत्रक निघालं आणि मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. मला केवढा आनंद झाला होता, सांगू! लहानपणी टीव्हीवर रविवारी दुपारी परक्या भाषांतले सिनेमे लागायचे. घरातले जेवून आडवे व्हायचे, मी एकटी समोर. त्यात एकदा एक जपानी सिनेमा लागला होता. त्यातली बाई अंथरुणाच्या घड्या घालत होती, अगदी माझ्या आईसारख्या, आधी हाताने सुरकुती मोडून. भाषेतलं अक्षर कळलं नाही, पण ती बाई डोक्यात राहिली.

तर नाव दिलं. आणि कळलं की स्वयंसेवकांची मुलाखत आहे. फुकट राबायला मुलाखत!

बोंद्रे सरांनी विचारलं, "जपानी सिनेमातलं तुम्हाला नेमकं काय भावतं?"

मी त्या घड्या घालणाऱ्या बाईचं सांगितलं. सर मान हलवत काहीतरी लिहीत होते. मला बरं वाटलं. मग कागद उलटा वाचायची माझी जुनी सवय आडवी आली. लिहिलं होतं, "साडी नेसते. गुलाब वाटायला चालेल."

मी म्हटलं, "सर, मला प्रोजेक्टरवर द्या ना. लॅबमध्ये रोज मीच लावते."

डॉक्टर समजुतीने हसले. "ज्योती, प्रोजेक्टर हा टेक्निकल प्रकार असतो गं."

हेच डॉक्टर मागच्या कार्यक्रमात लेन्सचं झाकण न काढता पाऊण तास सांगत होते, "दिग्दर्शकाने मुद्दामच अंधार ठेवलाय!"

*

मग वाकण्याची तालीम निघाली. जपानी माणूस वाकून नमस्कार करतो, हे बोंद्रे सरांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं. नुसतं वाकायचं नाही, त्याचे अंश असतात. बरोबरीच्या माणसाला पंधरा, मोठ्याला तीस, चूक झाली तर पंचेचाळीस. मला फर्मान आलं, कॉलेजातला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन ये.

वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण रांगेत उभे. सर प्रत्येकाच्या कमरेला कोनमापक लावून बघत होते. "बावीस! अजून खाली. हां, एकोणतीस... थोडं राहिलं!" डॉक्टरांचं पोट त्यांना बाराच्या पुढे जाऊ देईना. सर म्हणाले, "अध्यक्षांना बारा चालतात."

तिसऱ्या फेरीला आम्ही सगळे एकदम तीस अंशांत वाकून, नजर जमिनीवर ठेवून, मनात पाच अंक मोजत थांबलो होतो. तेवढ्यात वाचनालयाचा म्हातारा चौकीदार आत आला. त्याने रांगेवरून नजर फिरवली, चष्मा पुसला आणि आमच्याबरोबर तोही वाकला.

"काय हरपलं, साहेब? सोन्याचं होतं का?"

*

दिल्लीहून पाच सिनेमांच्या डिस्क आल्या. त्यातून तीन निवडायचे. मी म्हटलं, आधी पाहून घेऊ. डॉक्टर म्हणाले, "रसिकाला कव्हरवरून कळतं."

पहिल्या कव्हरवर शेतात उभी असलेली माणसं होती. डॉक्टरांनी ती डिस्क विंचू दिसल्यासारखी बाजूला सारली. "शेतकरी नको! सध्या शेतकरी अजिबात नको!"

"डॉक्टर, भाताची शेती आहे ती," मी म्हटलं. "कापूस नाही."

"मागे काय लिहिलंय वाच. पीक बुडतं ना? मग संपलं! पेपरवाले लगेच आपल्याशी जोडतील. आपल्याला पॉझिटिव्ह दाखवायचंय." मग त्यांनी दुसरी डिस्क उचलली. कव्हरवर गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, खाली आजोबा, आईबाप, मुलं, सगळे रंगीत किमोनो घालून. "हे बघ! याला म्हणतात कौटुंबिक. उद्घाटनाला हाच."

चाचणीसाठी बबनभाऊने तो लावला. अध्यक्ष सहकुटुंब आले होते. दहाव्या मिनिटाला आजोबांनी तलवार काढली. त्यानंतर काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही, पण ते गुलाबी झाड शेवटी गुलाबी राहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या मिसेस पदर डोळ्यांवर घेऊन बाहेर गेल्या.

दिवे लागले. बबनभाऊने डिस्क काढून शांतपणे कव्हरात घातली.

"साहेब, शेतकरी नाही याच्यात, खरं हाये. पण मानूसबी कोनी उरला नाही!"

*

शेवटी उद्घाटनाला एका म्हाताऱ्या आईचा सिनेमा ठरला, निव्वळ त्यात कोणी मरत नाही म्हणून. मुलगी शहरातून गावी येते, दोन दिवस आईजवळ राहते आणि परत जाते. एवढंच. मी तो लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा डबा न खाताच तास सुरू झाला.

आता प्रश्न भाषेचा. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती आपल्याकडे किती जण वाचणार? बोंद्रे सर म्हणाले, "मी आहे ना! माईकवरून थेट मराठीत सांगेन."

तालीम सुरू झाली. सिनेमात पहिली पंधरा मिनिटं कोणी बोलतच नाही. आणि सरांच्या हातात माईक! शांतता त्यांना सहन होईना.

"आता ती चहा ओतत आहे," सर म्हणाले.

"सर, ते दिसून राह्यलं," बबनभाऊ म्हणाला.

"आता ती दाराकडे पाहत आहे."

"तेबी दिसून राह्यलं."

"आता ती... विचारात पडली आहे."

"आमीबी पडलो, सर."

तेवढ्यात पडद्यावरची आई बोलायला लागली. इतका वेळ गप्प बसलेली ती बाई दोन मिनिटं न थांबता बोलली. बोलता बोलता हसली, मग डोळे पुसले. खाली अक्षरं भराभरा येत होती, जात होती. माईकमधून फक्त सरांचा श्वास ऐकू येत होता.

बबनभाऊने वळून पाहिलं. "आता काय म्हनून राह्यली ते, सर?"

सरांनी घसा साफ केला. "हे... अनुवादाच्या पलीकडचं आहे."

मग मीच त्या सिनेमाचं मराठीत एक पानी टिपण लिहिलं, सगळ्यांना वाटायला. ती काय बोलली, ते साध्या शब्दांत. सरांनी ते तपासलं. 'आई' खोडून 'माता' केलं, 'चहा' खोडून 'चहापान' केलं, आणि खाली छापलं, 'शब्दांकन: प्रा. बोंद्रे'.

*

दिल्लीच्या एका सांस्कृतिक संस्थेतून पाहुण्या येणार होत्या. त्यांचं आडनाव मोरी.

हे नाव बैठकीत वाचलं गेलं. मग मागे कोणीतरी फुसकन हसलं. डॉक्टर म्हणाले, "हसण्यासारखं काही नाही. परक्या संस्कृतीचा आदर करायला शिका." आणि त्याच आदराने त्यांनी स्वतः बातमी लिहून पेपरला दिली. पेपरवाल्यांनी जागेअभावी ती कापली. बातमी आली ती अशी: 'यवतमाळात शनिवारी जपानी मोरीचे आगमन. रसिकांमध्ये उत्सुकता.'

दिवसभर दवाखान्यातला फोन वाजत होता. मी गुलाबांचं विचारायला गेले होते, तेव्हा डॉक्टर पेशंटला तसंच तोंड उघडं ठेवून सोडून फोनवर ओरडत होते, "अहो, ती व्यक्ती आहे! व्यक्ती!"

पलीकडे दारव्हा रोडचा नळफिटिंगचा दुकानदार होता. त्याचा आवाज मला दारात ऐकू येत होता.

"ते समजलं, डॉक्टरसाहेब. पन डीलरशिप कोनाले भेटून राह्यली, तेवढं सांगा ना!"

बॅनरवर मग 'मॉरी' लिहायचं ठरलं.

*

पाहुण्यांना आणायला धामणगाव स्टेशनवर आम्ही चौघं गेलो. गाडी बबनभाऊची, चालवणाराही तोच; माझ्याकडे गुलाब. डॉक्टर बारा अंशांत वाकले. बोंद्रे सर तीस अंशांत वाकले आणि त्यांनी पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. प्लॅटफॉर्मवरचे हमाल थांबून ऐकायला लागले.

मोरीबाई लहानखुऱ्या, पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी भाषण संपू दिलं आणि हात जोडले. "नमस्ते. आप लोग हिंदी में बोलिए ना, मेरी अंग्रेज़ी बहुत कच्ची है."

बाई वीस वर्षं दिल्लीत होत्या! त्यांच्याइतकी साफ हिंदी आमच्यात कोणाला येत नव्हती. बोंद्रे सरांना हा धक्का पचेना. गाडीत बसल्यावर बाई हिंदीत म्हणाल्या की गाडी लेट झाली, तर सर आम्हाला सांगतात, "ट्रेनला विलंब झाला, असं त्यांचं म्हणणं आहे."

"सर," पुढून बबनभाऊ म्हणाला, "आमाले हिंदी समजते."

रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. बाई खिडकीला चिकटून बसल्या. "यह कपास है? रुकिए ना, मैंने पौधे पर कभी नहीं देखी."

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "नथिंग टू सी, मॅडम! काही नाही तिथे!" वेचणाऱ्या बाया रस्त्याजवळच होत्या. बाईंनी विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर काय, याची डॉक्टरांना धडकी. पण बबनभाऊने गाडी थांबवली. "इंजिन गरम झालं," तो म्हणाला. हिवाळ्यात!

बाई उतरल्या. एक बोंड त्यांनी तळहातावर घेतलं, कापूस हळूच ओढला, आतली सरकी बोटाने चाचपली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मेरे नाम का मतलब जंगल है. मोरी. आपकी भाषा में भी इसका कोई मतलब है क्या?"

डॉक्टर आभाळाकडे पाहायला लागले. बोंद्रे सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मी गुलाबांत तोंड घातलं.

"है ना, मॅडम," बबनभाऊ म्हणाला. "जहाँ से पानी जाता है."

बाईंचा चेहरा खुलला. "अच्छा! नदी?"

बबनभाऊने क्षणभर विचार केला.

"हाँ. छोटी वाली."

*

रविवारी सकाळी हॉलच्या दारात मी साडी नेसून, गुलाबांची परडी घेऊन उभी. पहिली आली ती माझी आत्या. मारेगावहून, पहाटेच्या एसटीने, आणि एकटी नाही. विहारातल्या अकरा बाया, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून. आदल्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं होतं, "जपानचा सिनेमा म्हंजे बुद्धाचा असन ना?" मी म्हटलं, नाही आत्या, एका आईचा आहे. "मंग तं येतोच," ती म्हणाली होती.

मोरीबाई दारातच होत्या. आत्याने हात जोडले. "जय भीम, बाई!"

बोंद्रे सर मध्ये सरसावले. "मॅडम, शी इज सेइंग गुड मॉर्निंग."

"नहीं," मोरीबाई म्हणाल्या, "जय भीम कह रही हैं." आणि त्यांनीही हात जोडून म्हटलं, "जय भीम."

सरांनी बायांना अगदी मागच्या रांगेत पाठवलं. पुढच्या तीन रांगांत प्रत्येक खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी. मान्यवर आले, दिवा लागला, डॉक्टर जिल्ह्याच्या उजळ बाजूवर पाऊण तास बोलले, फोटो निघाले. मग चहा आणि समोसे आले. आणि ते संपले तसे मान्यवरही संपले. सिनेमा सुरू व्हायच्या आत तिन्ही रांगा रिकाम्या!

मी सरांना म्हटलं, "बायांना पुढे बोलावू?"

"राखीव म्हणजे राखीव!"

आत्या मागून मला विचारते, "पोरी, सिनेमा सुरू व्हाचा हाये ना अजून? मंग हे लोक कायले आलते?"

*

आणि आता हे शेवटचं.

त्या अकरा जणींत एक शेवंतामावशी होती. आत्याच्या शेजारची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि त्यानंतर तिच्या अंगणात जीपच जीप. कोणी वही घेऊन, कोणी कॅमेरा घेऊन. आत्या सांगायची, खुर्ची कुठे टाकली म्हणजे तोंडावर उजेड नीट पडतो, हे आता शेवंताला कोणी सांगावं लागत नाही. ती स्वतःच टाकते, बसते, आणि ते म्हणतील तिकडे पाहते.

सिनेमा सुरू झाला. मोरीबाई स्टेजवरून उतरल्या आणि राखीव रांगा ओलांडून मागे बायांमध्ये जाऊन बसल्या. सगळे पडद्याकडे. माझं टिपण कोणी वाचतही नव्हतं, कारण अंधार होता आणि गरजही नव्हती.

अर्धा सिनेमा झाल्यावर एक पत्रकार आला, गळ्यात कॅमेरा. उद्घाटन हुकलं म्हणून वैतागलेला. दाराशी उभ्या असलेल्या कोणीतरी त्याच्या कानात शेवंतामावशीचं सांगितलं. त्याने ते डॉक्टरांना सांगितलं. आणि शेतातली माणसं दिसली म्हणून डिस्क बाजूला सारणाऱ्या आमच्या डॉक्टरांचे डोळे अंधारातही चमकले!

"खरंच? ती मागे बसलीय ती?" ते कुजबुजले. "अरे, मग जपानी पाहुण्या आणि ती, एकत्र! पहिल्या पानावर येईल. अतिशय संवेदनशील फोटो होईल." मग माझा दंड धरून म्हणाले, "ज्योती, तुझ्या ओळखीची आहे ना? उठव तिला. दोनच मिनिटं. सिनेमा काय, थांबवता येतो."

बबनभाऊने मशीनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "थांबवू का?"

मी त्याला हो म्हटलं नाही. पण डॉक्टरांनाही नाही म्हटलं नाही. तीन आठवडे मी या रविवारची वाट पाहिली होती, कॅलेंडरवर गोल काढून ठेवला होता, आणि आता परडी हातात घेऊन, रांगेतल्या गुडघ्यांना धक्के देत, मी मागे निघाले. मोठी आज्ञाधारक स्वयंसेवक!

पडद्यावर ती आई मुलीचं अंथरूण घालत होती. शेवंतामावशी पुढे झुकून बसली होती, दोन्ही हात मांडीत, तोंड थोडं उघडं. तिच्या शेजारी मोरीबाई.

मी तिच्यासमोर वाकले. किती अंशांत, माहीत नाही.

"मावशी, जरा बाहेर येता का? दोनच मिनिटं. पेपरवाले आलेत, फोटो काढायचा म्हणतात."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून वाट काढत होती. मग तिने हात लांब केला आणि मला हळूच, पण चांगलं, बाजूला ढकललं.

"पोरी, आज पाह्याची पाळी माही हाये. तू सरक जराशी, मधात उभी राह्यली."